त्रेसष्ट जागा

ता. ३ जून

माझ्या फोनमधलं माझं पुस्तक तू काढून घेतलंस आणि मला सांगितलंही नाहीस. परवा सकाळी चहा गाळला, खुर्चीत बसले, नेहमीसारखं तू बनवलेल्या प्रोग्रामचं बटण दाबलं. हरवलेल्या मेंढराची गोष्ट लागली. पण फोनमधली बाई असं काही बोलायला लागली की मला वाटलं, हिला कुणी कोर्टात निकाल वाचायला उभी केली आहे. निम्मी गोष्ट झाली तरी मेंढरू हरवलंय की सापडलंय ते कळेना. फोन बंद केला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तीच रड. शेवटी समोरच्या नर्सबाईकडे नेला. तिने वरखाली सरकवून बघितलं आणि म्हणाली, तुमचं ते बायबलचं भाषांतर यातून गेलं आजी, त्याच्या जागी शंभर वर्षांपूर्वीचं आलंय. नातवाने खाली लिहिलंय, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या सांगण्यावरून काढलं.

त्यांच्या सांगण्यावरून. ते कोण ते मला ठाऊक आहे. त्यांना मी नऊ महिने पोटात वाढवलंय.

आता खुशाली. मी बरी आहे. दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू जानेवारीत काढला, त्यामुळे हे पत्र माझ्या हातचं आहे. ओळी वर चढल्या असतील तर मान वाकडी करून वाच. चौथी नापास बाईकडून याहून सरळ काही येणार नाही.

फोन का नाही केला म्हणशील. सहा वेळा केला. सहाही वेळा तू मीटिंगमध्ये होतास आणि नंतर बोलणार होतास. तुझं नंतर माझ्या वयाला परवडत नाही. पत्राला मीटिंग नसते, ते दारात येऊन पडतं.

तू आणि तुझा बाप बोलत नाही, हे मला मार्चपासून कळलंय. कुणी सांगितलं नाही. त्याच्या घरी तुझा विषय निघाला की तुझी आई भांडी आवरायला उठते, आणि गेल्या तीन महिन्यांत त्या घरातली भांडी आयुष्यात नव्हती इतकी आवरली गेली आहेत. बापाला विचारलं तर तो म्हणतो, कामाच्या गोष्टी आहेत आई, तुला समजणार नाहीत. मला न समजणाऱ्या गोष्टींवरच त्याची ती बायबल छापणारी संस्था उभी आहे, हे तो विसरला.

काय झालं ते नीट लिही. कागदावर. आणि जेवत जा. तुझा तो फोटो बघितला, गालफडं आत गेली आहेत.

तुझी आजी

ता. २१ जून

खटखट्या,

कागदावर लिही म्हटलं तर छापून पाठवलंस. खाली नावसुद्धा छापलेलं. असू दे. अक्षर मोठं ठेवलंस ते आवडलं.

मला कळलं ते माझ्या शब्दांत सांगते. तुझा प्रोग्राम मुक्त आहे. मी फुकट म्हटलं की तू चिडायचास, म्हणून मुक्त. कुणीही घ्यावा, आत उघडून बघावा, आपल्याला हवा तसा बदलावा, पुढच्याला द्यावा. तू पहिल्यांदा समजावलंस तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे झबल्याच्या कागदी नमुन्यासारखं. एकीने कापला, दुसरीने नेला, तिसरीने बाही लांब केली. तू म्हणालास, आजी, आमच्या प्रोफेसरांपेक्षा तू बरं सांगतेस.

आमचं भाषांतर मात्र संस्थेच्या मालकीचं. त्याचा कॉपीराइट आहे. ते फोनात घालायचं तर त्यांची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी त्या मजकुराला कुणाला हात लावता येऊ नये ही अट. तुझ्या प्रोग्रामात तर सगळं सताड उघडं. तू परवानगी मागितलीच नाहीस. कॉलेजातल्या पोराला कोण विचारतंय असं वाटलं. तीन वर्षांनी संस्थेने विचारलं. इथवर चूक तुझी आहे, आणि तू ती मानतोस. बरं वाटलं.

तुला लागली आहे ती संस्थेच्या पत्रातली दुसरी गोष्ट. त्रेसष्ट जागी मजकुरात जाणूनबुजून फेरफार केल्याचं आढळलं, असं संस्था म्हणते, आणि खाली प्रकाशन विभागाचा प्रमुख म्हणून बापाची सही. तू लिहितोस, हक्काचं सोड, पण बाबांना मी पवित्र शास्त्रात खाडाखोड करणारा वाटलो आणि त्यांनी एक फोन करून विचारलंसुद्धा नाही. मग लिहितोस, ‘मी एक शब्दही बदललेला नाही. आजी, तू साक्षीदार आहेस. तू वाचत होतीस, मी टाइप करत होतो.’

हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि पत्र घडी करून साखरेच्या डब्याखाली ठेवलं. साक्षीचं नंतर बघू.

ते सुट्टीचे दिवस मात्र डोळ्यांपुढे आले. दोन वर्षं सलग तू सुट्टीत माझ्याकडे राहायला आलास. बाकीचं तुझ्या मित्रांनी वाटून घेतलं होतं, चार शुभवर्तमानं आणि ती सासूसुनेची छोटी गोष्ट तू घेतली होतीस. खिडकीजवळ टेबल, त्याचा एक पाय आखूड, खाली तुझी जुनी चप्पल. पुस्तकाकडे बघून टाइप केलं की मान दुखते म्हणून तू म्हणालास, तू वाच, मी टाइप करतो. मी पुस्तक मांडीवर घ्यायची. तू पडद्याकडे बघायचास. तुझी खटखट थांबली की मी पुढचं वाक्य सोडायची. दुपारी पंखा बंद पडला की तू पाय बादलीत ठेवून टाइप करायचास. मी मध्येच म्हणायची, हा माणूस मूर्ख आहे, आणि तू तेही टाइप करून मोकळा व्हायचास, मग पुसत बसायचास. तुझ्या आजोबांनंतर माझ्या खोलीत कुणी इतका वेळ बसलं नव्हतं.

तुला वाटायचं, म्हातारी एवढं घडाघडा कसं वाचते. तू आम्हा भाषांतर ऐकणाऱ्या बायकांविषयी कधी नीट विचारलं नाहीस, म्हणून सांगते.

तुझे आजोबा संस्थेच्या छापखान्यात बांधणीला होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला फर्मे दुमडायला घेतलं. मोठा छापील कागद, त्याची घडी, घडीची घडी, सोळा पानं. दिवसाला हजार. तेव्हा हे भाषांतर चाललं होतं. गुरुजी म्हणून एक म्हातारे गृहस्थ मुख्य होते, नाक सतत लाल. त्यांचं म्हणणं, पुस्तक न शिकलेल्यांसाठी आहे, तर शिकलेल्यांनी ते तपासून काय उपयोग. म्हणून त्यांनी बांधणीतून मला, झाडूवाल्या मावशींना आणि फाटकाबाहेरच्या भाजीवालीला वर बोलावलं. आम्ही ऐकणाऱ्या. ते मसुदा वाचायचे, मग कागद पालथा घालायचे आणि म्हणायचे, आता तुम्ही सांगा काय झालं. आम्ही सांगायचो. जिथे अडखळलो तिथे लाल खूण. पुढच्या आठवड्यात तोच भाग बदलून पुन्हा. एकेक गोष्ट पाच-पाचदा. असं अकरा वर्षं. भाजीवाली एकदा ऐकता ऐकता झोपली, तर गुरुजींनी त्या अख्ख्या पानावर लाल रेघ मारली. म्हणाले, दोष हिचा नाही.

अकरा वर्षांत मी पाठ करायला बसले नाही. पण हात दुमडायचे आणि तोंड चालायचं. झालं पाठ.

काम सुरू करतानाच आमच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. इथे बोललेला प्रत्येक शब्द संस्थेचा. मावशींनी अंगठा दिला आणि विचारलं, शिव्यासुद्धा? गुरुजी म्हणाले, त्या तुमच्या तुम्हाला.

बापाकडे जाते आणि बघते काय म्हणतो ते. तोवर त्याला काही लिहू नकोस. रागात लिहिलेलं पत्र पेटीत पडलं की परत काढता येत नाही.

आजी

ता. ९ जुलै

गेले होते. घरी नाही, कचेरीत. घरी तो मुलगा असतो, आणि मुलाशी भांडलं की सून चहा करते आणि भांडण विझतं. मला विझवायचं नव्हतं.

बांधणीच्या जागी आता खोकी रचली आहेत. खळीचा वास गेला. जिन्याच्या कठड्याला एक खाच होती, कागदाची गाडी आपटून पडलेली, तिच्यावर रंग चढलाय पण बोटाला लागते. आणि तुझा बाप बसतो कुठे, तर आमच्या ऐकण्याच्या खोलीत. बाक होता तिथे कपाट. मी त्याला म्हटलं, तू माझ्या जागेवर फायली ठेवल्यास. तो म्हणाला, आई, बस, पाणी घे.

मी सरळ विचारलं, पोराचं पुस्तक का काढायला लावलंस. त्याने ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. तो शांतपणे सांगत बसला. संस्था मजकूर राखते ती पैशांसाठी नाही. उद्या कुणी आपल्या मनचं त्यात घुसडलं आणि ते संस्थेच्या नावाने लोकांच्या हातात गेलं, तर वाचणाऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा. मी म्हटलं, मग कुलूप लावून दे. तो म्हणाला, कुलूप लावलं तर तो प्रोग्राम तुझ्या नातवाच्या मते मुक्त राहत नाही.

मी म्हटलं, अरे, प्रोग्राम म्हणजे पुस्तक ठेवायची फळी. फळी त्याची आणि पुस्तक तुझं. फळी कुणीही कापावी, रंगवावी, घरी न्यावी. पुस्तक तुझ्या कपाटातून तू वाचायला द्यावंस, न बदलता. दोन्ही एकमेकांना शिवायची कशाला? बांधणीत मी आयुष्य काढलंय, कव्हर वेगळं ठेवता येतं.

तर तो हसला. म्हणाला, हेच मी संस्थेच्या समितीपुढे मांडणार होतो. मजकूर संस्थेच्या जागी राहील, प्रोग्राम तिथून मागून घेईल. कागदही तयार केला होता. पण त्याआधी तुझ्या प्रोग्रामातला मजकूर तपासायला घेतला, आणि ते त्रेसष्ट निघाले.

त्याने यादी काढली. स्वतः तपासलंय त्याने, छापील पानावर पट्टी ठेवून ओळ न् ओळ. चार महिने शनिवार-रविवार. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जागा तुझ्या भागातल्या. शेवटच्या दोन शुभवर्तमानांतल्या, आणि सासूसुनेच्या गोष्टीतल्या.

‘टायपिंगची चूक असती तर अक्षर गळलं असतं, ओळ सुटली असती,’ तो म्हणाला. ‘हे कुणीतरी बसून बदललंय, आई. आणि बरं बदललंय, त्याचाच जास्त राग येतो.’

मग त्याने मला दहा-बारा जागा वाचून दाखवल्या. आधी छापलेलं, मग तुझं. मी पाणी मागितलं.

तीस जुलैला समिती बसते. त्यात तो लिहून देणार आहे की मजकुरात फेरफार करणाऱ्या माणसाला संस्थेने कधीच काही देऊ नये. कधीच. मी म्हटलं, पोरगा आहे तुझा. तो म्हणाला, म्हणून तर. दुसऱ्याचा असता तर मी एक संधी दिली असती.

दगडावर डोकं आपटलं तर निदान आवाज येतो. तुझ्या बापावर आपटलं तर तेही नाही. हा हट्ट त्याने कुणाकडून घेतला ते मला सांगू नकोस.

येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली.

आजी

ता. २२ जुलै

खटखट्या,

तुझं पत्र आलं. तू म्हणतोस, बाबांना सांग, आजी माझ्या शेजारी बसून वाचत होती, तेवढं सांगितलंस तरी पुरे. कचेरीतून आल्यापासून तेरा दिवस मी हे पत्र लिहिते आहे. चार कागद फाडले. हा पाचवा फाडणार नाही, कारण पुडक्यात एकच उरलाय.

मी वाचत नव्हते.

पहिल्या सुट्टीत वाचत होते, हळूहळू, बोट ठेवून. ते सगळं बरोबर आलंय, तुझ्या बापाला तिथे काही सापडलं नाही. दुसऱ्या सुट्टीपर्यंत माझे डोळे गेले होते. अध्यायाचे मोठे आकडे दिसायचे, बाकी सगळं करडं. मी पुस्तक मांडीवर घेऊन बसायची आणि पाठ होतं ते म्हणायची. पान वेळेवर उलटायची. एका पानात मजकूर किती मावतो ते फर्मे दुमडणाऱ्या बाईच्या बोटांना कळतं. तू पडद्याकडे बघत होतास म्हणून पकडली गेले नाही. एकदा तू म्हणालास, आजी, पुस्तक उलटं धरलंयस. मी म्हटलं, मी सुलट वाचून कंटाळले. तू हसलास आणि पुढे टाइप केलंस. आठवतं का?

का लपवलं? डोळे गेले म्हटल्यावर तुझ्या बापाने मला उचलून त्याच्या घरी नेलं असतं. तुझी आई वाईट नाही, पण तिच्या स्वयंपाकघरात मी जन्मभर पाहुणी. आणि तू पुढच्या सुट्टीत कुठे आला असतास? म्हणून पुढे हिवाळ्यात तुझ्या आईसमोर चहात मीठ घातलं, तेव्हा सगळ्यांना सांगितलं, अगं, परवापर्यंत नीट दिसत होतं.

माझ्या तोंडात बसलं होतं ते गुरुजींच्या खोलीतलं, तिसऱ्या-चौथ्या वेळचं. आम्ही सांगितलेलं आणि त्यांनी तसंच्या तसं उतरवलेलं. नंतर वरच्या समितीने त्यावरून हात फिरवला आणि मग ते छापलं. बापाने यादी वाचायला घेतली, तेव्हा पहिल्याच जागेला मला मावशींचा आवाज ऐकू आला. पाचवी भाजीवालीची. त्या दोघी कधीच गेल्या रे. त्यांचं बोलणं तीन वर्षं लोकांच्या फोनात होतं आणि मला ठाऊकही नव्हतं.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं. म्हाताऱ्या बाईचे डोळे गेले, तिची चूक झाली, सोडून द्या. पण सगळ्या चुका नव्हत्या. शुभवर्तमानांतलं नकळत झालं. सासूसुनेच्या गोष्टीतलं मी जाणूनबुजून केलं.

तुझे आजोबा गेले तेव्हा मी चोवीस वर्षांची. तेराव्या दिवशी सासूबाईंनी माझी ट्रंक भरून दारात ठेवली. म्हणाल्या, तू लहान आहेस, आईकडे जा, पुन्हा लग्न कर, माझ्याजवळ तुला द्यायला काही नाही. त्या स्वतः दुसरी ट्रंक घेऊन छापखान्याजवळच्या खोलीत राहायला निघाल्या होत्या. त्यांना ती उचलवत नव्हती. मी त्यांच्या ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि म्हटलं, ‘मी येते. आता वाद घालू नका.’ तुझा बाप सहा वर्षांचा होता, हातात कंदील घेऊन मागे उभा. सासूबाईंनी वाद घातला नाही. पुढची एकोणीस वर्षं बाकी सगळ्या गोष्टींवर घातला.

गुरुजींनी ती गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा सासूला सोडून जाणार नाही हे सांगताना सून एवढं लांबलचक बोलत होती की मी म्हटलं, हिला कुणी सासू असेल असं वाटत नाही. दुःखात माणूस भाषण करत नाही. मग कसं बोलतो, त्यांनी विचारलं. मी सांगितलं कसं ते. त्यांनी कागद पालथा घातला नाही. तिथेच लिहून घेतलं आणि पुन्हा वाचलं, तेव्हा मावशी उठून खिडकीशी गेल्या. त्या आठवड्यात मी फर्मे दुमडताना तेच वाक्य म्हणत राहिले. इतका अभिमान मला मुलगा झाला तेव्हाही वाटला नव्हता.

आणि छापून आलं तेव्हा ते गेलेलं. लांबलचक परत. फर्मा माझ्याच हातात आला, मीच दुमडला. हजार वेळा.

तर तू टाइप करत होतास आणि मला पक्कं ठाऊक होतं की पुस्तकात काय छापलंय. मी डोळे मिटले आणि माझं सांगितलं. तुला वाटलं, आजी दमली. तू म्हणालास, थांबूया का. मी म्हटलं, नाही, लिही.

म्हणजे तुझा बाप ज्याला भितो, की कुणीतरी उठेल आणि आपल्या मनचं आत घुसडेल, ती मी. कुलूप माझ्यासाठीच हवं होतं. आणि गंमत बघ, ट्रंक उचलताना मी बोलले तेही सहीच्या कागदाप्रमाणे संस्थेचंच. म्हणजे मी चोरलं तेही त्यांचं आणि बिघडवलं तेही त्यांचं.

अजून एक. मागच्या पत्रात लिहिलं नाही. यादी वाचता वाचता तो त्या जागेशी आला आणि थांबला. आधी छापलेलं वाचलं. मग हे. मग माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. पाणी मागितलं ते तेव्हा. तो मूर्ख नाही. कंदील त्याच्याच हातात होता. त्याने पाणी दिलं आणि वाट बघितली, मी पिऊन पेला खाली ठेवला तरी बघत होता. मी म्हटलं, बस चुकेल. तेव्हा आता तो समितीत तुझं नाव देत असेल, तर ते एवढ्यासाठीच की माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तो माझं नाव घेणार नाही. आईवर संशय घेण्यापेक्षा पोरावर घेणं त्याला सोपं गेलं. तू त्याला दोष देऊ नकोस. मीही तेच केलं. तुझ्यावर येऊ दिलं, आणि मला तर नुसता संशय नव्हता, मीच केलं याची खात्री होती.

उद्या सकाळी हे पत्र घेऊन मी कचेरीत जाणार आहे. पाकीट उघडं ठेवणार. त्याने माझ्यासमोर बसून ते पहिल्या ओळीपासून वाचायचं, मोठ्याने, आणि मी ऐकणार. मग त्रेसष्ट जागांपुढे माझं नाव लिहायचं आणि तीस तारखेला समितीला सांगायचं की फेरफार बांधणीतल्या बाईने केला. त्यांना जी शिक्षा करायची ती करू दे, मला फार तर फोनात नवीन काही मिळणार नाही. फळी आणि पुस्तकाचा तो कागद त्याने पुन्हा पुढे ठेवायचा. हो म्हणतील की नाही ते मी सांगू शकत नाही. म्हणाले तर त्यांचं छापलेलंच घ्यायचं, लांबलचक असलं तरी. मी ऐकून घेईन.

पाकीट तो बंद करेल आणि पेटीत तो टाकेल. त्यात माझ्या कागदामागे त्याचाही एक कागद असेल, छापलेला नाही, हाताने लिहिलेला. नसेल तर मी त्याला पेटीपासून परत आणीन, तशी ताकद आहे अजून.

मला उत्तर लिहू नकोस. त्याला लिही. आणि त्याने पहिल्या वाक्यात माफी मागितली नसली तरी लिही, कारण ती दुसऱ्या पानावर असेल, आमच्या घरात ती तिथेच असते.

आजी